गोळी सोडायला लावणारे पाणी



आमच्या एका कार्यकर्त्याच्या वडिलांनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. गावात एक विक्रेता आला होता. 'खनिजयुक्त' पाण्याचे यंत्र घ्या, त्यातल्या क्रोमियम-मॅग्नेशियमने मधुमेह मुळासकट जातो, असे सांगून गेला. कापसाचे पैसे यंत्रात गेले. चार महिन्यांत पायाची जखम चिघळली, आणि म्हाताऱ्याचा अंगठा कापावा लागला.

या थापेत खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच ती खपते. १९५९ साली अमेरिकेत श्वार्ट्झ आणि मर्ट्झ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून साखर पचवण्याशी क्रोमियमचा संबंध मांडला. पण पुढे २०१४ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितले की, क्रोमियम माणसाला आवश्यक आहे असा पटण्याजोगा पुरावा नाही. मॅग्नेशियमची गोष्ट जास्त खरी. साखर वाढली की ते लघवीवाटे जाते, आणि ते कमी पडले की इन्सुलिनचे काम मंदावते. पण हिशेब करा. पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत मॅग्नेशियम चांगले, असे आपले सरकारी मानक सांगते. म्हणजे तीन लिटर पाण्यात ९०. तेवढे शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात मिळते. ज्या ज्वारीला बाजारात कोणी विचारत नाही, तिच्यातला माल बाटलीत भरून आपल्यालाच विकायचा, हा धंदा जुनाच आहे.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाण्यात काय आहे हे औषध देणारा डॉक्टर विचारतच नाही. साखर वाढलेल्या माणसाला तहान फार लागते. तो इतरांपेक्षा जास्त पाणी पितो, म्हणजे बोअरच्या पाण्यातले मीठही जास्त त्याच्याच पोटात जाते. मिठाने रक्तदाब चढतो. मधुमेहाने आधीच दमलेल्या मूत्रपिंडावर हा दुसरा भार. आणि मूत्रपिंड फार मंदावले की मेटफॉर्मिनची गोळी देता येत नाही, इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळते, साखर एकदम खाली येऊन माणूस शेतातच कोसळू शकतो. तरी चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तोच डोस!

काही घरांत आता आरओ आला आहे. खाऱ्या पाण्यापेक्षा तो बराच बरा, कारण मीठ काढतो. सोबत मॅग्नेशियमही काढतो, पण त्याची भरपाई भाकरी, हरभरा, शेंगदाणे, पालेभाजी करते. ज्याचे मूत्रपिंड खराब आहे त्याने मात्र मॅग्नेशियमच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ते अंगात साचते.

आमचे म्हणणे एवढेच. हर घर जलच्या नावाने २०१९ पासून नळ आले, पाणी तपासायच्या पेट्याही आल्या. मग तो अहवाल ग्रामपंचायतीच्या कपाटात का? क्षार, फ्लोराईड, नायट्रेट यांचे आकडे आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर लागले पाहिजेत. शुगरच्या प्रत्येक रोग्याची क्रिएटिनिनची तपासणी वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात फुकट झाली पाहिजे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या पाण्याच्या शेवटच्या तपासणीचा कागद आणावा. मिळाला नाही, तर कधी मागितला आणि कोणी नाकारला, ते लिहून आणावे. आणि गोळ्या कोणी बंद करू नयेत.