दल्ली-राजहऱ्यात फक्त लाल धूळ नाही



उरल्याहून एका दिवसात दल्ली-राजहऱ्याला जाऊन येण्यात अर्थ नाही, तिथे लाल धुळीपलीकडे काही नाही, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत. त्यांनी बहुधा फक्त डोंगरच पाहिला.

इथल्या लोहखनिजाची नोंद प्रमथनाथ बोस यांनी 1887 मध्ये केली. पुढे नागपूरच्या संग्रहालयात टांगलेल्या भूगर्भ नकाशावर दोराबजी टाटांची नजर पडली आणि शोधपथक या डोंगरात आले. टाटांचा पोलाद कारखाना मात्र झाला दूर, साकचीला! इथले खनिज कामी आले ते भिलाईच्या कारखान्याच्या.

आणि माणसे? जून 1977 मध्ये इथे झालेल्या पोलीस गोळीबारात 11 कामगार गेले. त्यांच्या स्मरणार्थ खाणकामगारांनी 1983 मध्ये शहीद रुग्णालय उभारले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत हत्या झाली, तेव्हा त्यांचे आंदोलन उरल्याच्या कारखान्यांपर्यंत पोचले होते. उरलेकरांना हे गाव परके कसे?

रेल्वे दुर्गमार्गे जाते. चालू खाणीत परवानगीशिवाय प्रवेश नसतो, ती आधीच मिळवावी. परतीच्या गाडीची वेळ पाहूनच निघावे.

— एक वाचक, उरला (रायपूर)