चोळणारे हात हलके नाहीत

शहरातल्या स्पाच्या पाटीवर मालिशीची पाच-सहा नावे असतात आणि पुढे मोठमोठे दर. ती पाटी वाचून आपल्या वस्तीतली बाई म्हणते, ‘ही श्रीमंतांची थेरं!’ आम्ही म्हणतो, मालिशीची खरी गरज तुलाच आहे. सहा घरची धुणीभांडी करणारीची कंबर आणि दिवसभर पोती वाहणाऱ्याची मान आखडते, तशी खुर्चीत बसणाऱ्याचीही आखडत नाही.

आधी त्या नावांचा अर्थ समजून घेऊ. स्वीडिश मालीश म्हणजे तेल लावून लांब हात फिरवणे, मळणे, थापटणे. डीप टिश्यू म्हणजे आखडलेल्या स्नायूच्या खोल थरावर सावकाश दाब देणे. शियात्सू ही जपानची पद्धत. तेल न लावता, कपड्यांवरूनच अंगठ्याने आणि तळहाताने दाबायचे. थाई मालिशीत दाबाबरोबर हातपाय ताणतात. यातले बरेचसे आपल्या घरात चालतेच. बाळाला न्हाऊ घालताना, बाळंतिणीचे अंग चोळताना, आजीचे पाय चेपताना आपण दुसरे काय करतो?

फायदा काय होतो? आखडलेले स्नायू सैल होतात. कंबर-मानेचे दुखणे काही काळ कमी होते. मन शांत होते, झोप बरी लागते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे वजन वाढायला हलक्या मालिशीची मदत होते, असे अभ्यासांत दिसले आहे. पण चरबी वितळते, रक्तातले विष बाहेर पडते, नाक दाबून बाळ सुंदर होते, या गोष्टींना आधार नाही. आणि ओझे तेच राहिले, तर दुखणे परत येते.

थायलंडमध्ये मालिशीचे हे ज्ञान विहारांनी सांभाळले. बँकॉकच्या वाट फो विहारात आजही ते शिकवतात. तिथली परंपरा तथागतांचे वैद्य जीवक यांना या विद्येचे आद्य गुरू मानते. २०१९ साली युनेस्कोने थाई मालिशीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे काय झाले? गावोगाव सुईणपण आणि बाळंतिणीचे अंग चोळणे दलित आयाबायांवर, अनेक गावांत मांग समाजातल्या बायांवर टाकले गेले. बाळ-बाळंतिणीला तिचे हात हवेत, पण त्याच हातांचा विटाळ! जे काम तिकडे विद्या ठरले, ते इकडे हलके ठरले. दोष कामात नव्हता, जातीत होता.

ही उतरंड आपल्या घरातही शिरली आहे. सून सासूचे पाय चेपते, नवऱ्याची पाठ चोळते. तिची पाठ कोण चोळतो? बाळंतपणाचा सव्वा महिना सरला की तिच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागत नाही. आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयपिटकातली कथा आपण विहारात ऐकतो. मग बायकोच्या खांद्याला तेल लावताना आपल्या बांधवांना कमीपणा का वाटावा?

मात्र हात लावण्याआधी थांबायचे कुठे, हे ठाऊक हवे. बाळंतपणानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर ती चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जीव जाऊ शकतो. बेंबी सरकली म्हणून दुखणारे पोट चोळू नका. अपेंडिक्सचा आजार असेल तर उशीर महागात पडतो. गरोदर बाईचे पोट दाबू नका. सिझेरियनची जखम भरेपर्यंत तिथे हात नको. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला गरम तेल लावू नका. भाजलेलेही कळत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर लेकरू उभे करू नका. ठिसूळ मणका मोडतो. बाळाच्या नाका-कानात तेल घालू नका, नाळेला काही लावू नका. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तडक सरकारी दवाखाना गाठा. आणि उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ खाणे आता तरी बंद करा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लाथेने रोग बरा होत नसतो!

आमची सूचना साधी आहे. पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर अर्धा तास ठेवा. आशाताईंना, नर्सताईंना बोलवा. मालीश कशी करावी आणि कुठे करू नये, हे बायकांबरोबर पुरुषांनीही शिकावे. वस्तीतली जी मावशी बाळ-बाळंतिणीचे अंग चोळते, तिला जुनी साडी आणि पसाभर तांदूळ देऊन वाटेला लावू नका. ठरवून, रोख मजुरी द्या. तिच्या हातात कसब आहे, आणि कसबाचे दाम हा तिचा हक्क आहे.

जय भीम!