बंद खोलीतलं कोर्ट आणि बंद खोलीतला येशू



विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं. निर्मिती ‘रंगायन’ची, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. पुढे १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. आपल्या पेडणे-डिचोलीला नाटकाचं वेड नवं नाही. जत्रेला, उत्सवाला गावचीच मंडळी तोंडाला रंग लावून रात्र जागवतात, दशावताराला पटांगण भरतं आणि त्या गर्दीत आपली ख्रिस्ती माणसंही बसलेली असतात. हे नाटक मात्र आपल्या युवा गटांनी एकत्र बसून वाचावं आणि त्यावर बोलावं, असं आमचं मत आहे. त्यातला विषय चर्चच्या आवारात नको, असं काहींना वाटेल. आम्हाला वाटतं, तो तिथेच हवा.

गोष्ट एकाच खोलीत घडते. मुंबईची एक हौशी नाटकमंडळी खेड्यातल्या एका सभागृहात संध्याकाळच्या प्रयोगासाठी आली आहे. ही माणसं एकमेकांना चांगली ओळखतात. एकत्र प्रवास करतात, एकत्र खातात-पितात, एकमेकांची थट्टा करतात. प्रयोगाला वेळ आहे, म्हणून ‘अभिरूप न्यायालय’ म्हणजे काय ते गावच्या सामंताला कळावं यासाठी ती एक लटका खटला रचतात. आरोपी ठरते शाळेतली शिक्षिका लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. सगळे हसत असतात. मग एकेक साक्षीदार आपल्याला ठाऊक असलेलं काहीबाही बोलू लागतो आणि हसता हसता खेळाचा खरा खटला होतो. बेणारे अविवाहित आहे, तिला दिवस गेले आहेत आणि मुलाचा बाप म्हणजे याच मंडळीतले विवाहित प्राध्यापक दामले. ती दाराकडे धावते. दाराला बाहेरून कडी लागलेली असते.

आता आपण नीट पाहावं ते हे की, साक्षीदारांनी सांगितलेलं पुष्कळसं खरं होतं. तरीही त्या खोलीत सत्य बोललं गेलं, असं आपण म्हणू शकतो का?

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत याचं उत्तर स्पष्ट आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४७७ व्या परिच्छेदात दुसऱ्याच्या नावलौकिकाविरुद्धची तीन पापं वेगवेगळी सांगितली आहेत. पुरेशा आधाराशिवाय एखाद्याला मनातल्या मनात दोषी धरणं, हे पहिलं. खोटं बोलून त्याची बदनामी करणं, हे आणखी एक. या दोहोंच्या मधलं पाप आपण सहज विसरतो : दुसऱ्याचा खरा दोष, योग्य कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यापुढे उघडा करणं. “पण मी खोटं कुठे बोललो?” हा आपला नेहमीचा बचाव इथे टिकत नाही. खुरसापुढची लादीन आटोपून हातात चणे आले की, किंवा संध्याकाळी बाल्कांवात बसलं की, कुणाच्या घरात काय चाललंय याच्या गोष्टी निघतात. त्यांतल्या कितीतरी खऱ्या असतात. पापनिवेदनाच्या वेळी मात्र आपण फक्त स्वतःच्या पापांबद्दल बोलतो, शेजाऱ्याच्या नव्हे. हा नियम किती शहाणपणाचा आहे, ते हे नाटक वाचताना ध्यानात येतं.

खोलीतल्या न्यायाधीशांकडेही बघा. सुखात्मे वकील आहेत, पण वकिली चाललेली नाही. पोंक्षे शास्त्रज्ञाचा आव आणतो, पण इंटर सायन्सलाच अडकलेला. काशीकर पती-पत्नींना मूल नाही आणि बाळू रोकडे त्यांच्या आश्रयावर वाढलेला. प्रत्येकाच्या आत काहीतरी दुखतं आहे. स्वतःचं दुखणं कुणी बोलत नाही. बेणारेच्या दुखण्यावर मात्र सगळ्यांची बोटं. तिला ओढत पिंजऱ्यात उभं करण्यात एक बाईच, काशीकरांची पत्नी, पुढे असते, हेही आपण विसरू नये.

आणि दामल्यांची खुर्ची रिकामी आहे. त्यांना कुणी बोलावत नाही, कुणी काही विचारत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय इथे आठवल्याशिवाय राहत नाही. व्यभिचारात पकडलेली म्हणून एका स्त्रीला येशूपुढे आणलं गेलं. मोशेचं नियमशास्त्र दोघांनाही दोषी धरतं, लेवीय २० आणि अनुवाद २२ मध्ये ते वाचायला मिळतं. पण मंदिराच्या अंगणात आणली गेली ती एकटी बाई. पुरुष कुठे होता? त्या गर्दीत हा प्रश्न कुणाला पडला नाही आणि काशीकरांच्या कोर्टातही पडला नाही. आपल्या गावात तो पडतो का?

शेवटी कोर्ट बेणारेला स्वतःची बाजू मांडायला दहा सेकंद देतं. तिचं मन मोकळं होतं ते आपल्यापुढे, प्रेक्षकांपुढे. खोलीतली माणसं त्या वेळी पुतळ्यासारखी थिजलेली असतात. त्यांच्या लेखी ती काही बोललेलीच नाही. मग निकाल लागतो : पोटातला गर्भ नष्ट करावा. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारं कोर्ट स्वतःच भ्रूणहत्येची शिक्षा फर्मावतं! आणि लगेच सगळे म्हणतात, हा तर खेळ होता, मनाला लावून घेऊ नकोस.

जीवनाच्या पावित्र्याविषयी आपण ख्रिस्ती माणसं आग्रहाने बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण न जन्मलेल्या बाळाचं रक्षण घोषणांनी होत नाही. ज्या गावात अविवाहित आईला तोंड दाखवायची सोय उरत नाही, ते गाव एका हाताने जीवनाचं फलक धरतं आणि दुसऱ्या हाताने काशीकरांच्या निकालावर सही करतं. २५ मे २०१३ रोजीच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी हीच गोष्ट सांगितली. बाळाला स्नानसंस्कार द्यावा म्हणून एक अविवाहित आई चर्चच्या दाराशी येते आणि लग्न झालेलं नाही म्हणून तिला परत पाठवलं जातं. जिने गर्भ पाडला नाही, बाळाला जन्म दिला, तिच्यासमोर दार बंद, याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. स्नानसंस्कारासाठी ख्रिस्तसभेचा कायदा विचारतो ते बाळ श्रद्धेत वाढेल अशी आशा आहे का, एवढंच. आईच्या गळ्यात मंगळसूत्र किंवा बोटात अंगठी आहे का, हे तो विचारत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. दुसऱ्याचे दोष उघडे करू नयेत, याचा अर्थ अन्याय झाकावा असा नाही. धर्मशिक्षणग्रंथाचे शब्द ‘योग्य कारण नसताना’ असे आहेत. नाटकात बेणारे किशोरवयात असताना सख्ख्या मामाने तिच्याशी संबंध ठेवला होता. त्या कोर्टाने तोही तिच्याच दोषांत धरला. आज आपण त्याला बालकावरचा अत्याचार म्हणतो. गोव्याचा बालकायदा २००३ चा आणि देशाचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. अशा ठिकाणी गप्प राहणं म्हणजे दामले आणि मामा यांना आसरा देणं. ते पोलिसांना सांगावं लागतं आणि तेही वेळीच. बाल्कांवात ते सांगून काही साधत नाही. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो : माझ्या बोलण्याने कुणाचं रक्षण होणार आहे, की फक्त माझी करमणूक?

शुभवर्तमानातही एक बंद खोली आहे. योहान, अध्याय २०. जुने सोबती, दारं लावलेली, मनात भीती. प्रत्येकाला दुसऱ्याचा भूतकाळ ठाऊक आहे. पेत्राने तीनदा नाकारलं. बाकीचे पळाले. त्या खोलीत खटला उभा राहायला काही कमी नव्हतं. येशू मध्ये उभा राहिला आणि त्याने शांती दिली. मग जखमा दाखवल्या, त्याही स्वतःच्या. तिथे कुणाचीही साक्ष काढली गेली नाही.

याचा अर्थ भूतकाळ पुसून टाकला असा नव्हे. पुढच्याच अध्यायात तिबिर्याच्या काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. पेत्राने नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता. येशूने त्याला पुन्हा तिथेच आणलं, पण आधी मासळी-भाकरीची न्याहारी दिली. मग तीनदा विचारलं, ते प्रेमाविषयी. आणि शेवटी त्याच्या हाती मेंढरं सोपवली. जुन्या मित्रांमध्ये जुनी गोष्ट काढायचीच असेल, तर ती काढण्याची ही रीत आहे. आधी ताटात वाढावं, प्रश्न नंतर विचारावा आणि माणसाला उभं करण्यासाठीच विचारावा.

नाटकाच्या शेवटी बेणारे कोसळलेली असते. सगळे रंगाच्या तयारीला निघून जातात. एकटा सामंत, ज्याला त्या मंडळीत फारशी किंमत नाही, तिच्याजवळ कापडी पोपट ठेवून हळूच निघून जातो. तिला काय बोलावं ते त्याला सुचत नाही. पण तिच्यापर्यंत पोहोचलेलं त्या दिवसाचं एवढंच प्रेम असतं.

आपल्या धर्मग्रामातही कुठल्यातरी घराला आज बाहेरून कडी लागलेली असेल. या आठवड्यात आपण तिथे जावं. चौकशी नको, उपदेश नको. माशाची आमटी झाली असेल तर डबा घेऊन जावं, मिस्सेला एकत्र निघावं, बाळाला मांडीवर घ्यावं.

हे प्रभो येशू, बंद दारांतून आत येणाऱ्या तू आमच्या जिभेला आवर घाल आणि कडी काढायला आमचे हात पुढे कर. आमेन.