फिटलेले कर्ज, न फिटलेला डाग

कर्ज फिटले म्हणजे माणूस मोकळा झाला, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. शेवटचा रुपया मोजून द्यावा, सावकाराकडून खत परत घ्यावे, ते सर्वांदेखत फाडून टाकावे आणि त्या रात्री निश्चिंतपणे झोपावे, असा रिवाज होता. आजच्या कर्जाचे खत असे फाडता येत नाही. कर्ज फिटते, बँक ‘देणे नाही’ असा दाखलाही देते; परंतु मधल्या एखाद्या महिन्यात हप्ता उशिरा पोहोचल्याची नोंद मात्र मुंबईच्या एखाद्या पत-माहिती कंपनीच्या दप्तरात वर्षानुवर्षे राहते. ती नोंद खरी असेल तर एक गोष्ट झाली. ती खोटी असेल तर काय, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

वाळूजच्या कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्या कामगाराचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. त्याने मोटारसायकल कर्जाने घेतली. हप्ता महिन्याच्या पाच तारखेचा. एका महिन्यात पगार लांबला, खात्यात शिल्लक पुरली नाही आणि हप्ता परत गेला. बारा तारखेस वसुलीचा माणूस दारात आला. याने रोख रक्कम व दंड त्याच्या हाती ठेवला आणि पावती घेतली. परंतु ती रक्कम खात्यावर जमा झाली पुढच्या महिन्याच्या दोन तारखेस. मधल्या काळात कंपनीने आपली मासिक माहिती वर पाठविली. सात दिवसांचा उशीर कागदावर जवळजवळ महिन्याचा झाला. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी हा गृहस्थ बँकेत गेला, तेव्हा अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहून मान हलविली. चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला, हे वाचकांनीच ठरवावे.

ज्यास लोक सरसकट ‘सिबिल’ म्हणतात, ती संस्था २००० साली स्थापन झाली. आज देशात अशा चार कंपन्या आहेत आणि २००५ च्या पत-माहिती कंपन्यांविषयीच्या कायद्याने त्यांचे नियमन होते. बँका व वित्तसंस्था ऋणकोची माहिती या कंपन्यांना पुरवितात आणि त्या माहितीवरून ३०० ते ९०० या मर्यादेत त्याच्या पतीचा अंक काढला जातो. ही व्यवस्था मुळात वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. बँकेतील पैसा हा ठेवीदारांचा पैसा आहे. तो कोणाच्या हाती द्यावा, याची चौकशी करण्याचा बँकेला अधिकार आहेच. किंबहुना ज्याच्यापाशी तारण नाही, वशिला नाही, पण जो नियमाने हप्ते भरतो, अशा सामान्य माणसाची पत याच नोंदवहीमुळे प्रथम कागदावर आली. म्हणूनच ती नोंदवही खरी असली पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हप्ता खरोखरच उशिरा भरला असेल, तर ती नोंद पुसून टाका, असे म्हणण्याचा अधिकार ऋणकोला नाही. अर्ज केले, विनवण्या केल्या म्हणून खरी नोंद पुसली जाऊ लागली, तर वशिल्याच्या लोकांच्या सर्व नोंदी स्वच्छ होतील आणि ज्याला वशिला नाही त्याच्याच डागांनी वही भरेल. खऱ्या उशिराला उपाय एकच : बाकी चुकती करावी आणि पुढचे हप्ते वेळेवर भरीत जावे. नव्या नोंदी साचत जातात, तसतसे जुन्या नोंदीचे वजन कमी होत जाते. परंतु खोटी नोंद ही निराळी बाब आहे. ती दुरुस्त करून घेणे ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

हा हक्क कायद्याने दिलेला आहे. उपरोक्त कायद्याच्या २१ व्या कलमान्वये ऋणकोस आपली माहिती पाहता येते व चुकीची असल्यास ती दुरुस्त करण्याची मागणी करता येते. या मागणीवर तीस दिवसांत कार्यवाही व्हावी, असे तेथे म्हटले आहे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँक आणखी पुढे गेली. तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये याप्रमाणे भरपाई तक्रारदारास मिळावी. बँकेने एकवीस दिवसांत आपले काम न केल्यास ती बँकेने द्यावी, बँकेने केले आणि कंपनीने केले नाही तर कंपनीने द्यावी. एप्रिल २०२४ पासून हे लागू झाले. १ जानेवारी २०२५ पासून माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याने कळविण्याचे बंधनही आले. ही पावले स्वागतार्ह आहेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु या इमारतीचा एक खांब कच्चा आहे. कायदा असे सांगतो की, ज्या बँकेने अथवा वित्तसंस्थेने माहिती पुरविली, तिने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्यावाचून पत-माहिती कंपनीने नोंद बदलू नये. म्हणजे ज्याच्या हातून चूक झाली, त्याच्याच कबुलीवर निर्दोष माणसाची सुटका अवलंबून! आरोप करणारा तोच, साक्षीदार तोच आणि पहिला न्यायाधीशही तोच. शिवाय ती दररोजची शंभर रुपयांची भरपाई विलंबाची आहे, चुकीच्या नकाराची नव्हे. ‘आमची नोंद बरोबर आहे’ असे एका ओळीचे उत्तर मुदतीच्या आत धाडले की बँकेचे काम भागते, आणि तक्रारदाराने पावती हातात घेऊन पुढची पायरी शोधावी. ती पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. १ सप्टेंबर २०२२ पासून पत-माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आणल्या गेल्या आहेत. पण कन्नड किंवा पैठण तालुक्यातील किती ऋणकोंना ही वाट ठाऊक आहे?

हिशेबाच्या वहीवरून माणसे किती पेटू शकतात, हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर तुटून पडले. त्यांचा मुख्य रोख खते आणि रोखे यांच्यावर होता. ती कागदपत्रे जाळणे हाच उठावाचा हेतू होता. गोदावरीपलीकडचा नगर जिल्हाही त्यात पेटला. त्यानंतर १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता. पण त्यातील तत्त्व लक्षात ठेवण्याजोगे आहे. शेतकऱ्यास प्रत्येक भरण्याची लेखी पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मिळावा आणि न्यायालयाने केवळ खतावर विसंबून न राहता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन पाहावे, हे ते तत्त्व होय. धनकोची वही हाच अखेरचा पुरावा नव्हे, एवढे परकीय सरकारलाही तेव्हा कळले. स्वराज्यातील कायद्याने त्याहून मागे का असावे?

शेतकऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट आहे. २०१७ साली एक कर्जमाफी झाली, डिसेंबर २०१९ मध्ये दुसरी जाहीर झाली. अशा योजनांत शेतकऱ्याच्या वतीने पैसे शासन भरते. शासनाची रक्कम बँकेत उशिरा पोहोचली, तर त्या उशिराचा दोष शेतकऱ्याच्या नावावर पडता कामा नये. अतिवृष्टीमुळे अथवा दुष्काळामुळे ज्या कर्जाची पुनर्रचना झाली, तेही थकलेल्या कर्जाच्या रांगेत बसविले जाता कामा नये. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यातील उभी पिके आणि कित्येक ठिकाणी मातीसुद्धा वाहून गेली. त्या हंगामाचा थकलेला हप्ता आणि चैनीखातर थकविलेला हप्ता या दोहोंस एकच आकडा लावणारी वही हिशेबात बिनचूक असेल, न्यायात नव्हे.

पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले. हेतूविषयी आम्हांस शंका नाही. तथापि वहीकडे पाहू नका, असे बँकांना सांगणे हा खरा उपाय नव्हे. बँक तोंडाने होकार देईल आणि दुसरे कारण दाखवून अर्ज परत करील. वही दुरुस्त करा, असे सांगितले पाहिजे; आणि ते केल्याचा हिशेब प्रत्येक बैठकीत मागितला पाहिजे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. ऋणकोने भरणा केल्याची तारीख तीच धरावी, जी पावतीवर आहे. पैसा कंपनीच्या खात्यात केव्हा पोहोचला, याच्याशी ऋणकोला कर्तव्य नाही. दुरुस्तीचा अर्ज ज्या शाखेची चूक आहे, तिच्याकडेच न सोपविता वरिष्ठ आणि त्रयस्थ अधिकाऱ्याने तपासावा, व नाकारल्यास कारण पुराव्यासह मराठीत लेखी द्यावे. चुकीचा नकार सिद्ध झाल्यास पहिल्या दिवसापासून भरपाई मिळावी. आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने प्रत्येक तालुक्यात ठरलेल्या दिवशी असे अर्ज स्वीकारावेत.

वाचकांसही दोन शब्द सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. वर्षातून एकदा अहवाल मागवून पाहा. पावती, ‘देणे नाही’चा दाखला, खात्याचा उतारा जपून ठेवा. वसुलीच्या माणसास पावतीवाचून पैसा देऊ नका. कर्ज तडजोडीने मिटविण्यापूर्वी त्याची नोंद ‘तडजोडीने मिटविलेले’ अशी राहते, ‘पूर्ण फेडलेले’ अशी नव्हे, हे ध्यानात घ्या. आणि ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या मध्यस्थांस दारातूनच परत पाठवा. खरी नोंद ते पुसू शकत नाहीत आणि खोटी नोंद दुरुस्त करण्यास त्यांची गरज नाही. त्यासाठी कायद्याने एक पैसाही लागत नाही.

गरिबापाशी जमीन थोडी, सोने त्याहून थोडे. शब्द आणि पत हीच त्याची खरी ठेव. बँकेच्या तिजोरीतील एक रुपया कमी भरला तर रात्रभर हिशेब जुळविला जातो. गरिबाच्या नावावर नसलेला उशीर चढला, तर तोही त्याच रात्री उतरविला गेला पाहिजे.