थंडीत मोटिव्हेशन शोधू नका, पौषाचं वेळापत्रक लावा



जुना जालना भागातल्या एका तरुण फोटोग्राफरने विचारलं, "सर, मला निसर्ग फोटोग्राफीच धंदा म्हणून करायचीय. पण हिवाळ्यात मोटिव्हेशन टिकत नाही. काय करू?" कॅमेऱ्यावर पोट भरू पाहणाऱ्या बऱ्याच जणांचा हाच प्रश्न असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज काढू. हिवाळ्यात उत्साह कसा टिकवावा यावर परदेशी फोटोग्राफरचे ढीगभर व्हिडिओ आहेत. त्यांच्याकडे बर्फ पडतो, दुपारी चारला अंधार होतो, पक्षी निघून जातात. तिथून निघालेले काही पक्षी आपल्याकडेच तर येतात! मराठवाड्यात निसर्ग फोटोग्राफरचा खरा सीझन हिवाळाच. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हे पाहुणे याच दिवसांत दिसतात. शहराजवळ मोती तलाव आहे, घाणेवाडीचा निजामकालीन जलाशय आहे, आणि एका दिवसात जाऊन येण्यासारखं पैठणचं जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. त्यांचे सल्ले आपल्याला लागूच पडत नाहीत.

मग मन का उडतं? माझं मत विचाराल तर कारण थंडी नाही, पैसा आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतात आणि लग्नवाला ॲडव्हान्स हातात ठेवतो. चक्रवाकाचा फोटो आज काढला तर त्याचे पैसे कधी येतील, काही सांगता येत नाही. रात्री दोनला रिसेप्शन आटोपून घरी आलेला माणूस सकाळी तलावावर जाणार नाही. त्यात आळस कसला? पण असे दोन-तीन हिवाळे गेले की निसर्ग फोटोग्राफर फक्त ओळखपत्रावर उरतो. विकायला फोटोच नसतात.

म्हणून कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि पौष महिना शोधा. साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीत येतो, दरवर्षी मागेपुढे होतो, कधी फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतही लांबतो. आपल्याकडे पौषात लग्नं टाळतात, मुहूर्त कमी असतात. पाहुणे पक्षी मात्र तेव्हा मुक्कामालाच असतात. ऑर्डरी नाहीत म्हणून बरेच फोटोग्राफर हे दिवस दुकानात चहा पीत काढतात. तुम्ही हे चार आठवडे निसर्गाच्या कामासाठी आधीच बुक करून टाका, जशी एखाद्या पार्टीची ऑर्डर बुक करता तशी. बाकी हिवाळ्यात लग्नं करा, खुशाल करा. त्याच पैशावर हे चालणार आहे.

आणि पहाटे चारला उठायची गरज नाही. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. मे महिन्यात तो पावणेसहालाच वर आलेला असतो. म्हणजे हिवाळ्यात सहाला उठलात तरी तलावावर वेळेत पोहोचता, नऊपर्यंत तिरपं, मऊ ऊन मिळतं, आणि दहाला दुकान उघडायला तुम्ही हजर. जायकवाडीचं गणित जरा वेगळं. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर पक्षी लांब आणि विखुरलेले राहतात. पाणी ओसरून चिखलाचे काठ उघडे पडले की रोहित आणि बाकीची मंडळी टप्प्यात येतात. तेव्हा पेट्रोल जाळण्याआधी पाणीसाठा बघा. अभयारण्यात व्यावसायिक शूटिंग करायचं तर वनविभागाची परवानगी आधी घ्या.

आता गिऱ्हाईक. निसर्ग म्हणजे वाघ, ही समजूत सोडा. महिकोची सुरुवात १९६४ मध्ये जालन्यातच झाली आणि आज हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखलं जातं. बियाण्याचं पाकीट, माहितीपत्रक, कॅलेंडर, सगळ्यावर पिकाचा फोटो लागतो. हिवाळ्यात शेतात काय नाही? हरभऱ्याची फुलं, तुरीच्या शेंगा, हुरड्याला आलेली ज्वारी. जालन्याच्या मोसंबीला तर भौगोलिक मानांकन आहे. पक्ष्यासाठी लागते तेवढी महागडी लेन्सही इथे लागत नाही. सगळ्याच कंपन्या बाहेरच्या माणसाला काम देतील असं नाही, पण दहा चांगले फोटो घेऊन दहा ठिकाणी जाऊन आलाय का तुम्ही? शेतात शिरताना मात्र शेतकरीदादांना विचारा आणि त्यांच्या पिकाचा एक फोटो त्यांना पाठवा.

कॅलेंडरवाल्यांकडे डिसेंबरात गेलात तर उशीर झालेला असतो. या हिवाळ्यातले फोटो पुढच्या ऑगस्टमध्ये दाखवायचे. शाळांसाठी दुसरी तारीख आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. जालन्याचे पक्षी जालन्याच्या मुलांना दाखवणारा एक तासाचा स्लाइड शो तयार ठेवा, माफक फी सांगा आणि दिवाळीच्या सुट्ट्या बघून शाळांना आधीच भेटा.

मोठी टेलिफोटो लेन्स हप्त्यावर घेऊ नका, निदान पहिल्या हिवाळ्यात तरी नाही. पौषातल्या चार आठवड्यांत नेमके दिवस ठरवून भाड्याने आणा. भाडं भरलेलं असलं की माणूस गजर बंद करून झोपत नाही, हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक सकाळी किती खर्च झाला आणि त्यातून विकण्याजोगे किती फोटो निघाले, एवढं वहीत लिहा. सीड कंपनीला कोटेशन कसं द्यायचं, ते पुढच्या व्हिडिओत नमुन्यासकट दाखवतो.