देवांना आंघोळ

चांदीच्या टाकाला चिंच लावायची नाही, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. ताम्हणाला चिंच-मीठ, पितळी बाळकृष्णाला पीतांबरी आणि टाकांना मात्र कोरडी, बारीक रांगोळी, तीही बोटाच्या टोकानं. मी मोरीपाशी पाटावर, आई पलंगावर, आणि सूचना अखंड चालू. तिचे हात आता थरथरतात. शाळिग्राम दोनदा निसटून ताम्हणात आपटला तेव्हा तिनंच सांगून टाकलं, "उद्यापासून देव तू धू." मी देव मानत नाही हे तिला गेली पस्तीस वर्षं माहीत आहे. तो मुद्दा तिनं काढलासुद्धा नाही.

साताऱ्याचं आमचं घर मागे आवरलं. भांडी, पुस्तकं, वडिलांच्या पाटबंधारे खात्यातल्या डायऱ्या, सगळ्याला वाटा फुटल्या. देवघर तेवढं आमच्या फ्लॅटवर आलं, कारण ते न्यायला कोणी पुढे झालं नाही. रिवाजाप्रमाणे देव थोरल्याकडे जायचे. थोरला न्यू जर्सीत. तो फोनवर म्हणाला, "इथे आहेत आमचे वेगळे." खरंच आहेत. कॉलेजात असताना सत्यनारायणाच्या दिवशी मुद्दाम मॅटिनीला जाणारा हा माणूस आता बायका-मुलांसह ब्रिजवॉटरच्या बालाजीला जातो आणि गणपतीत मंडळाच्या आरतीचं माइकवर पुढारपण करतो. मी त्याला चिडवत नाही. परक्या मुलखात आपली माणसं कुठं तरी भेटायला हवीतच, आणि देवळात पार्किंगही मिळतं.

तर देव माझ्याकडे आले. तीन टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, शंख, घंटा. टाकांपैकी एक पालीचा खंडोबा, एक तुळजाभवानी. तिसरा कोणाचा यावर आमच्या घराण्यात एकमत नाही.

देवावरचा विश्वास कसा गेला असं कोणी विचारलं की समोरच्याला गोष्ट हवी असते. अकाली मृत्यू, मोठा अन्याय, निदान एखादं पुस्तक. माझ्याकडे असलं काही नाही. १९७८ साली मुंज झाली. चोवीस नावं, आचमन, प्राणायाम, गायत्री, सगळं तोंडपाठ होतं आणि आवडतही होतं. संध्याकाळी दिवा लावल्यावर रामरक्षा म्हणताना अंगावर येणारा काटा खोटा नव्हता. अंधाऱ्या बोळातून दूध आणायला जाताना मी ती पुटपुटत जायचो आणि कुत्री अंगावर येत नसत. पुढं सकाळची शाळा लागली, सकाळची संध्या गेली. दहावीला क्लास लागले, संध्याकाळची रविवारवर आली. मग सांगलीला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात एके दिवशी आंघोळीला जाताना जानवं खुंटीला अडकवलं, उशीर झाला म्हणून तसाच वर्गात पळालो. परत आलो तेव्हा ते तिथंच होतं. घालायचं राहिलं. आठवडाभर ते रोज दिसायचं आणि रोज राहायचं. नंतर कोणीतरी त्यावर ओला टॉवेल टाकला.

आधी जानवं गेलं, आगरकर नंतर आले. हा क्रम मी बरीच वर्षं उलटा सांगत असे. वाचून, विचार करून, पटलं म्हणून सोडलं, असं सांगायला बरं वाटतं. खरं तर आधी आळसानं सुटलं आणि मग त्या सुटण्याला शोभेलसं अस्तर लावायला पुस्तकं धुंडाळली. पुस्तकं भक्कम होती हा भाग वेगळा. ती वाचल्यावर परत जाण्याची वाट उरली नाही.

आगरकरांचं नाव घेताना मात्र थोडं ओशाळायला होतं. १८८८ साली 'सुधारक' काढणाऱ्या या माणसाची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. चाळिशीही न गाठता १८९५ मध्ये ते गेले. माझी प्रेतयात्रा कोणी काढली नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, उघड्या अंगानं उटणं लावायला बसलो. वडिलांनी एकदा खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी फार कढत नाही ना?" इतकंच. नोकरी मिळाली, लग्न ठरलं, घर झालं, आणि एकाही ठिकाणी मला माझ्या नास्तिकपणाची छदामभर किंमत मोजावी लागली नाही.

ज्यांनी मोजली त्यांच्यातल्या एका घराची हकीकत माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला सांगितली होती. ते भंडाऱ्याकडचे. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या साक्षीनं ते खरं केलं. मधे एकवीस वर्षं. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची. गावोगाव देव घराबाहेर काढले गेले. यांच्या आजोबांनी नागपूरहून परतल्या रात्रीच घरातले देव गोणीत भरले आणि विहिरीत सोडले. आजीनं मरीमायचा एक शेंदरी दगड तेवढा चुलीमागं दडवला. घरात लहान पोर तापानं फणफणलेलं होतं. पुढं आजोबांना तो सापडला. त्यांनी तो जिथं होता तिथंच ठेवला आणि शेवटपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हे सांगून झाल्यावर सहकारी म्हणाले, "आमचे देव गेले ते काहीतरी देऊन गेले. तुमचे नुसते पातळ झाले." डबा खाता खाता म्हणाले. मला तो घास गिळायला वेळ लागला.

पातळ झाले म्हणजे कसे, ते २०११ च्या जनगणनेत पाहिलं. प्रगणक बाई दारात आल्या, दारावरचा गणपती पाहिला, आडनाव ऐकलं आणि धर्माच्या रकान्यात लिहून मोकळ्या झाल्या. विचारलंच नाही. मीही बोललो नाही. ऊन होतं, त्यांना अजून दोन मजले चढायचे होते, शिवाय चहा टाकलेला होता. त्या वर्षी धर्म न सांगितलेल्यांची देशभरातली संख्या निघाली एकोणतीस लाखांच्या आत, म्हणजे शंभरात पाव माणूस. त्या पावातही मी नाही.

बरं, निघायचं म्हटलं तरी निघता येतं का? १८७२ च्या कायद्याखाली नोंदणी विवाह करायचा तर वधूवरांना जाहीर करावं लागे की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म पाळत नाही. जातीबाहेर लग्न करायचं म्हणून कैक भाविक माणसांना धर्म नाकारून सही करावी लागली. ती अट पुढं गेली आणि आता पारडं नेमकं उलटं झालंय. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वा यहुदी नाही, तो बहुतेक हिंदूंतच धरला जातो. मी देव मानतो की नाही हे कायदा विचारतच नाही. तेव्हा श्रद्धाळूंना बाहेर काढत होते, आता अश्रद्धाला बाहेर पडू देत नाहीत. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निर्वाळा दिला की 'मला धर्म नाही' असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि सरकारला कोणावर धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही. गंमत अशी की हा निकाल मिळवणारे अर्जदार नास्तिक नव्हते. येशूवर त्यांची श्रद्धा होती, फक्त ख्रिस्ती धर्म नको होता. आमच्यासारख्यांचा हक्क भाविकांनी मिळवून दिला. आम्ही तेव्हा बहुधा घरी मोदक खात होतो.

मोदकांवरून खरी गोष्ट निघते. ती टाळत टाळत मी इथवर आलोय.

आमच्या घरी कुळाचार दांडगा. आश्विनातलं नवरात्र म्हणजे घट, नऊ दिवस रोज वाढती माळ, अखंड दिवा, अष्टमीला सवाष्ण. मार्गशीर्षात खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे, तळी भरायची, येळकोट करायचा. लग्नानंतर मी बायकोला थाटात सांगितलं, "मी हे काही मानत नाही, तुझ्यावर कसलीही सक्ती नाही." माझ्या मते हे उदारपणाचं टोक होतं. तीही फारशी देवभोळी नाही. पण नवरात्र आलं की साताऱ्याहून आईचा फोन यायचा तो तिला. घट बसवायला सातारा गाठायची ती. रात्री दिवा विझू नये म्हणून उठायची ती. दसऱ्याला पुरणाची डाळ शिजवायची, वाटायची, भाजून खरपूस पोळी काढायची तीच. मी पुस्तक घेऊन माडीवर असायचो आणि जेवायला बोलावलं की खाली यायचो. पंचवीस वर्षं माझ्या नास्तिकपणाचा स्वयंपाक बायकोनं केला.

आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या आणि आगरकरांनी त्यांच्या देवधर्मात आडकाठी केली नाही, हे त्यांच्या सहिष्णुतेचं उदाहरण म्हणून सांगतात. ते असेलच. मी मात्र त्या उदाहरणाचा आडोसा फार सोयीनं घेतला. आडकाठी न करणं निराळं आणि ताट वाढून घेणं निराळं.

आमच्या पिढीतल्या पुष्कळ पुरुषांचं असंच झालंय, असा माझा दाट संशय आहे. गप्पांत आम्ही म्हणतो, "देव वगैरे नाही हो, पण संस्कृती म्हणून करतो." हे वाक्य नीट ऐका. 'करतो' म्हणणाऱ्याच्या हाताला पिठाचा कण लागलेला नसतो. श्रद्धा आमची होती तेव्हाही तिची उस्तवार घरातल्या बायकाच करत होत्या. ती गेली तेव्हा आमचे फक्त हात जोडायचे थांबले, त्यांचं काम एका चमच्यानंही कमी झालं नाही. म्हणून तर आम्हाला देव सोडणं इतकं हलकं गेलं.

आता तेच टाक माझ्या बोटांत आले आहेत आणि रोज सकाळी वीस मिनिटं जातात. पहिल्या दिवशी मी सगळे देव नळाखाली धरले तर आई ओरडली, "अरे, भांडी आहेत का ती!" ताम्हणात घ्यायचे, पळीनं पाणी घालायचं, पुसायचं ते त्यांच्याच पंच्यानं. गंध डबीतलं नको, सहाणेवर उगाळायचं. शाळिग्रामाला अक्षता नकोत, तुळस हवी. मंत्र मी म्हणत नाही. तिनं म्हण म्हटलं नाही. तिचे ओठ मात्र माझ्या हातांच्या वेगानं हलत असतात. मी घाई केली तर तिचं चुकतं.

एकदा न राहवून विचारलं, "आई, तुझा खरंच विश्वास आहे यांच्यावर?"

तिला प्रश्नच कळला नाही. "कसला विश्वास? आंघोळ घालायची असते त्यांना." थोड्या वेळानं आपणच म्हणाली, "तुझे वडील गेले त्या वर्षी मी खंडोबाशी बोलत नव्हते. चार-सहा महिने. आंघोळ घालत होते."

यावर माझ्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. तिच्यानंतर या देवांचं काय करायचं, हेही मला ठरवता आलेलं नाही. जवळच्या देवळातल्या पुजाऱ्याला चाचपून पाहिलं. त्यानं मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, तिथं आधीच लोकांनी आणून ठेवलेल्या देवांची रास होती. नदीकडच्या पिंपळाखाली काच फुटलेल्या तसबिरी पावसात भिजताना मी रोज पाहतो. तिथं टाक ठेवून यायला हात धजत नाही, नि त्याला श्रद्धा म्हणायलाही मी तयार नाही. सोनार म्हणाला, झिजलेत, मोडीत द्या, नवे घडवून देतो. खरंच झिजलेत. खंडोबाचा घोडा कुठला आणि म्हाळसा कुठली, कळत नाही. मी टाकांची अदलाबदल केली की आई अंगठा फिरवून सांगते, "ही भवानी. तिला उजवीकडे घे." तिसऱ्यावर अंगठा फिरवते आणि गप्प राहते.

बायको हल्ली सकाळी टेकडीवर फिरायला जाते. मी पाटावर बसलेला दिसलो की दारातूनच "निघते मी" म्हणते. त्या स्वरात मला उगाच काहीतरी ऐकू येतं.

परवा सगळं आटोपून मी निरांजन लावलं आणि उठू लागलो, तर पलंगावरून आवाज आला.

"नैवेद्य?"

"दाखवला. दूध-साखर."

"साखर घातलीस?"

मी वाटीत पाहिलं. नुसतंच दूध होतं.