हेतू मान्य, हुकूम जादा

व्यापारी संघटनांच्या याचिकांचे मसुदे अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांत पानंच्या पानं एकच रडगाणं असतं: या नियमाने आमचं किती नुकसान होणार. नुकसान खरंही असतं. पण तोटा होतो एवढ्यावरून न्यायालय नियम रद्द करू लागलं, तर एक परवाना शिल्लक राहायचा नाही. तिथे दाखवावं लागतं ते वेगळंच. आणि ते काय, हे 1950 सालच्या विडीच्या खटल्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं नंतरच्या जाडजूड निकालपत्रांतही दिसत नाही.

नागपूर राजधानी असताना मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने 1948 मध्ये एक कायदा केला. तक्रार अशी की ऐन हंगामात माणसं विड्या वळत बसतात आणि शेतावर मजूर मिळत नाहीत. उपाय असा की डेप्युटी कमिशनरने हंगामाचा काळ आणि गावं ठरवायची. त्या काळात त्या गावातल्या कोणीही विडी वळायची नाही, कारखानदारानेही तिथल्या कोणाला काम द्यायचं नाही. सागर जिल्ह्यात जून 1950 मध्ये असा हुकूम निघाला. एक कारखानदार आणि एक विडी कामगार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना लागू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

‘चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश’ या नावाने ओळखला जाणारा निकाल 8 नोव्हेंबर 1950 चा. न्या. मेहरचंद महाजन यांनी तो लिहिला. शेतीला मजूर मिळावेत, धान्य जास्त पिकावं, या हेतूला न्यायालयाने बोटही लावलं नाही. विचारलं ते एवढंच, की त्या हेतूसाठी इतकं करायची गरज होती का? गावात म्हातारी माणसं असतात, अपंग असतात, शेतावर राबणं झेपत नाही अशा बायका असतात. त्यांनी घरी बसून चार विड्या वळल्या तर शेताचा कोणता मजूर पळतो? बंदी फक्त शेतमजुरांपुरती ठेवता आली असती, विड्या वळण्याच्या वेळा ठरवून देता आल्या असत्या. सरसकट मनाई व्यवसायस्वातंत्र्यावरच्या वाजवी निर्बंधात बसत नाही, म्हणून कायद्याची ती तरतूद घटनाबाह्य ठरली.

विडी कारखानदार काही संत नव्हते, हे सांगायला हवं. पण त्यांच्या बाजूने सगळ्यात वजनदार ठरली ती कारखान्याचा ताळेबंद नव्हे, त्या म्हातारीची गोष्ट. माझ्याकडच्या मसुद्यांत नेमकी तीच सापडत नाही. नियमाने कोण विनाकारण भरडलं जातं आणि सरकारचा तोच हेतू कमी जाचात कसा साधला असता, ही दोन पानं नीट लिहा. बाकीचं परिशिष्टात टाका.

याच मापाने रिझर्व्ह बँकही हरली. 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकाने तिने बँकांना आभासी चलनाच्या व्यवसायाशी संबंध तोडायला सांगितलं. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा अधिकार मान्य केला, पण या व्यवसायामुळे तिच्या देखरेखीखालच्या एकाही संस्थेला इजा झाल्याचं तिला दाखवता आलं नाही, म्हणून परिपत्रक रद्द केलं. जुलै 2018 मध्ये अंतरिम स्थगिती मात्र नाकारली होती, आणि मधल्या काळात ‘झेबपे’ने भारतातलं एक्स्चेंज बंदही केलं. अंतरिम अर्जाला दुय्यम समजणाऱ्या वकिलाला म्हणून मी आधीच हात जोडतो.

जिंकूनही प्रकरण मिटत नाही, हे मुंबईच्या बारमालकांना विचारा. 2005 मध्ये डान्सबार बंदी आली, तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं वगळून. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्यावर शिक्का मारला. 2014 मध्ये सरकारने तारांकितांची सवलतच काढून पुन्हा बंदी आणली. 2015 मध्ये तिला स्थगिती मिळाली. मग 2016 चा नवा कायदा. त्यातली धार्मिक स्थळं व शाळांपासून एक किलोमीटरची अट आणि सीसीटीव्हीची सक्ती 17 जानेवारी 2019 ला गेली. नोटा उधळायला मनाई आणि रात्री साडेअकराची मर्यादा राहिली. चौदा वर्षं! इतक्या काळात धंदा करणारी माणसंच बदलतात. बारबालांच्या संघटनेनेही या लढ्यात याचिका केली होती, हे मालकांच्या बातम्यांत बुडून गेलं.

दारूचे व्यापारी मला विचारतात, मग आमचं काय? दारूविक्री हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ‘खोडे डिस्टिलरीज’ खटल्यात सांगून ठेवलं आहे. त्यांना भेदभावाचा किंवा अधिकारकक्षेचा मुद्दा धरावा लागतो, आणि ती वाट अरुंद आहे.

बाकीच्यांनी राजपत्रावर लक्ष ठेवावं. मूळ कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट असेल तर नियमांचा मसुदा छापून हरकती मागवाव्या लागतात आणि आलेल्या हरकतींचा विचारही करावा लागतो. त्या मुदतीत दिलेलं, पोच घेतलेलं पत्र पुढे याचिकेला जोडता येतं. ‘सौम्य पर्याय सुचवला होता, सरकारने पाहिलासुद्धा नाही’ हे वाक्य मग पुराव्यासकट लिहिता येतं. आमच्या संघटना मात्र त्या महिन्यात मंत्र्यांच्या सत्काराची तारीख ठरवत असतात.